शाळेत दिवाळीचं दुकान लावताय? या चुका टाळा

गेली अकरा वर्षं सहामाही परीक्षा संपत आली की मी आमच्या शाळेत दिवाळीचं दुकान लावते. पोरांनी घरच्यांसाठी आपल्या हातानं निवडून काहीतरी न्यावं, एवढंच त्या दुकानाचं काम. आता आजूबाजूच्या शाळाही लावायला लागल्यात. चांगलंच आहे. पण दर ऑक्टोबरात तेच फोन येतात. "बाई, माल पडून राहिला." "बाई, पोरं रडली." उत्तरं देऊन माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहिते.

तयार माल मागवणं

दिवाळीच्या तोंडावर शाळाशाळांतून एखादा पुरवठादार फिरतोच. टेबल त्याचं, माल त्याचा, शाळेला वीस टक्के. नव्या शिक्षकांना हे भारी आवडतं, कारण हातपाय हलवावे लागत नाहीत. पहिल्या वर्षी मलाही आवडलं होतं. माल आला तो एकोणपन्नासची फोटोफ्रेम आणि नव्व्याण्णवची प्लॅस्टिकची फुलदाणी असला. दुसरीतलं एक पोरगं मुठीत आठ रुपये घेऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणालं, "बाई, मी नुसतं बघायला आलोय." सात वर्षांचं पोर, आणि माझी अडचण होऊ नये म्हणून खोटं बोललं! पुरवठादाराला दुसऱ्या वर्षी दारातूनच परत पाठवला.

तेव्हापासून नवरात्र झालं की पहाटेची एसटी धरून पुण्याला जाते. रविवार पेठेत, बोहरी आळीत डझनावारी माल घेते आणि संध्याकाळी दोन पोती घेऊन परत. किमती चारच: पाच, दहा, वीस, पन्नास. निम्म्याहून जास्त माल पाच-दहाचा. पाचाला पणत्यांची जोडी, उटण्याची पुडी, केसांच्या पिना, सुईदोरा. दहाला चहाची गाळणी, कंगवा, चष्म्याची दोरी. रुमालात दोन रुपये खोट येते, ती आकाशकंदिलात भरून निघते. शाळेला चार पैसे सुटले पाहिजेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्नेहसंमेलनात वड्याचा स्टॉल लावावा.

गुलाबी कुपन

ही चूक माझी स्वतःची आहे आणि अजून टोचते. तिसऱ्या वर्षी ठरवलं, ज्यांना घरून पैसे मिळणार नाहीत त्यांना वीस रुपयांचं कुपन द्यायचं. ऑफिसात गुलाबी कागद पडून होता, त्यावर शिक्के मारले आणि वर्गशिक्षकांकडून वाटले. मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर 'गुलाबीवाले' हे नाव पडलं होतं. पाचवीतली एक मुलगी दुकानात फिरकलीच नाही. नंतर तिच्या कंपासपेटीत ते कुपन सापडलं. चार घड्या करून कर्कटकाच्या खाली दाबलेलं.

आता दुकानात रोख पैसा चालतच नाही, कुणाचाच नाही. आदल्या दिवशी प्रत्येक पोराला बंद पाकीट मिळतं. ज्यानं पैसे जमा केले त्याला तेवढ्याची कुपनं, ज्यानं केले नाहीत त्यालाही कुपनं, रंग एकच. कुणाच्या पाकिटात काय आहे हे वर्गशिक्षक आणि मी सोडून कुणाला कळत नाही. सुट्ट्या पैशांची कटकटही यातच मिटली. आमच्याकडे दहाचं नाणं अजून कितीतरी दुकानदार घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं 2018 सालीच सांगितलंय की त्याचे चौदाही नमुने चलनात आहेत, पण ऐकतंय कोण? त्यामुळे आज्यांच्या डब्यांत साठलेली सगळी नाणी पोरांबरोबर शाळेत येतात. मी घेते आणि बँकेत भरते.

मोठ्यांनी निवडून देणं

मदतीला येणाऱ्या पालकांना आणि बीएडच्या मुलींना मी आधीच बजावते: हात मागे बांधून उभं राहायचं. एकदा चौथीतल्या मुलानं वडिलांसाठी बॅटरीचे दोन सेल उचलले. मदतीला आलेल्या बाई म्हणाल्या, "अरे, दिवाळीला कुणी सेल देतं का?" आणि त्याच्या हातात किचेन ठेवलं. तो गप्प. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडं या आठवड्यात शेताला रात्रीची लाइट आहे. बाबा पाणी धरायला जातात." किचेन काढून घेतलं, सेल दिले आणि वर लाल रिबिनीचा तुकडा बांधला. त्या बाईंना दुसऱ्या दिवसापासून बांधाबांधीच्या टेबलावर बसवलं.

टेबलांवर 'आईसाठी', 'बाबांसाठी' अशा पाट्याही लावू नका. कुणाच्या घरी कोण आहे ते आपल्याला माहीत नसतं. मी फक्त किमतीची पाटी लावते.

बाकीच्या, थोडक्यात

मोठ्या वर्गांना आधी सोडू नका, पहिलीला उरलंसुरलं मिळतं. मी पहिलीचं खोकं वेगळंच बांधून कपाटात ठेवते.

तारीख नुसती परीक्षेवरून ठरवू नका. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. घरच्यांबरोबर जाणाऱ्या पोरांसाठी दुकान आधीच एक दिवस उघडते, माल अर्धाच असला तरी.

बांधाबांधीला विक्रीच्या दुप्पट वेळ लागतो. चिकटपट्टीचं टोक शोधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता सातवीची पोरं कार्यानुभवाच्या तासाला वर्तमानपत्राच्या पिशव्या करून ठेवतात. वरून दोरा, त्यात नावाची चिठ्ठी.

काचेच्या वस्तू नकोत. फटाके तर नाहीतच. शिक्षकांनी शेवटच्या तासाशिवाय काही घ्यायचं नाही. मुख्याध्यापकांनीसुद्धा!

आजोबांसाठी चुन्याची डबी दर वर्षी कुणीतरी मागतंच. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. डबीला नसली तरी मला ती मांडवत नाही. अशा पोराला मी अडकित्ता दाखवत होते, मग त्याची धार बघून तोही बंद केला. आता चष्म्याची दोरी दाखवते. बहुतेक जण नाक मुरडतात, पण घेतात.

उरलेला माल परत घेतला जात नाही, तेव्हा कमीच आणा. पणत्या उरल्या तर पुढच्या वर्षी चालतात, उटणं चालत नाही, वास उडतो. गाळण्या कधीच उरत नाहीत. यंदा सहा डझन आणणार आहे.