गावातल्या छोट्या गटाला पैसे द्यायचेत? मग आधी हे वाचा

आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, पंधरा-सोळा जण, दर वर्षी थोडे थोडे पैसे काढून बीडकडच्या महिला गटांना आणि एखाद-दोन छोट्या संस्थांना देतो. रक्कम काही फार नाही, एकेकाला २५ ते ५० हजार. सुरुवातीला आम्ही जवळजवळ सगळं उलटंच केलं, म्हणून लिहितोय.

पहिल्या वर्षी ट्रेनिंग ठेवलं डिसेंबरात. हॉल, बॅनर, जेवण सगळं रेडी आणि आल्या किती तर चार बायका, त्यातल्या दोघी आशाताई. बाकी अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, कोण कोल्हापूर-सांगलीकडे कोण कर्नाटकात, परत यायचे ते मार्च-एप्रिलला. वरून गटाच्या खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागतात आणि सही करणारी सचिवताईच फडात, त्यामुळे आमचा चेक जमा होऊन नुसता पडून राहिला. आता फोनवर पहिलं हेच विचारतो, ताई तुम्ही गावात कधी असता? मे म्हणाल तर लग्नं, जून म्हणाल तर पेरणी, तेव्हा तारीख त्यांनाच ठरवू द्या. बाजाराचा दिवस सोडून, संध्याकाळी, त्यांच्याच गावात. पोरं सोबत येणारच, चटई जास्तीची न्या.

गट शोधायला जाहिरात देऊ नका, जाहिरात दिली की प्रपोजल लिहून देणारेच लोक आधी पोचतात. अंगणवाडी सेविकेला विचारा, उमेदच्या (सरकारचं बचत गटांचं अभियान) सीआरपी ताईला, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीला विचारा, कुठल्या गटाची बैठक खरंच भरते ते त्यांना तोंडपाठ असतं. मग एका बैठकीला जाऊन गपचूप बसा आणि प्रोसिडिंग रजिस्टर मागा, मजकूर नंतर वाचा, आधी शाई बघा! सहा महिन्यांच्या बैठका एकाच पेनने एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर समजायचं काल रात्री बसून भरलंय. पण म्हणून लगेच बाद करू नका हां, आमच्यासारखे पुण्याचे लोक येणार या धास्तीने पण असं होतं. उमेदच्या गटांची पंचसूत्री असते, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब. आम्ही बघितलेल्या गटांत पहिल्या चार गोष्टी बऱ्या चालतात, गाडी अडते ती पाचवीवर.

म्हणून ट्रेनिंग म्हणजे व्यक्तिमत्त्व विकास वगैरे नको, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) लिहायला शिकवा. एका दिवशी एकच गोष्ट. त्यांचंच पासबुक, त्यांच्याच पावत्या घेऊन बसायचं, व्हाउचर कसं करायचं, सही नसेल तर अंगठा कुठे, बँकेची शिल्लक आणि वहीची शिल्लक जुळत का नाही. आणि ट्रेनिंग पैशांच्या आधी. पानी फाउंडेशनने २०१६ ला वरुड, कोरेगाव, अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप (गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा) सुरू केला तेव्हा पण गावातल्या लोकांना आधी ट्रेनिंग दिलं, स्पर्धा नंतर.

अर्ज एका पानाचा आणि मराठीत ठेवा, लिहिणं जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला पण घ्या. काय करणार, किती लागतील, हिशोब कोण ठेवणार, बास.

कागदांचं थोडक्यात. बचत गट असेल तर गटाच्या नावाचं खातं आणि ठरावाची कॉपी, यात तुम्हाला ८०जी (देणगीवरची इन्कम टॅक्स सूट) मिळणार नाही हे ग्रुपला आधीच सांगून टाका. संस्था असेल तर रजिस्ट्रेशन, पॅन, १२ए (संस्थेच्या स्वतःच्या टॅक्स सवलतीची नोंदणी), ८०जी. सूट जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते, दोन हजारांच्या वर रोख दिले तर तीही नाही, आणि संस्थेकडून १०बीई सर्टिफिकेट (टॅक्ससाठी देणगीचा दाखला) घ्यायला विसरू नका. अजून एक, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि छोट्या संस्थांचा तो वर्षानुवर्षे राहिलेला असतो, कागदावर अजून वारलेले अध्यक्षच चालू! तेवढं काम वकिलाच्या फीसकट करून दिलं तरी ती मोठी मदत आहे.

अमेरिकेतला मित्र पैसे देतो म्हणाला तर पासपोर्ट विचारा. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेतून देऊ शकतो. तिकडचा सिटिझन झाला असेल तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशी देणगी, एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) नसलेल्या संस्थेला चालत नाही. आणि परदेशी पैसे एका एफसीआरए संस्थेकडून दुसरीला पुढे सरकवणं २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे, तेव्हा तो शॉर्टकट पण नाही.

पैसे दोन हप्त्यांत द्या. आणि प्लीज एसटीचं भाडं, चहा, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, ऑडिटरची फी हे सगळं खर्चात धरा. शिलाई मशीनला पैसे देतो पण मशीन आणायच्या टेम्पोला नाही, असं करणारे लोक बघितलेत मी (आम्हीच होतो). दुसऱ्या हप्त्याआधी जाऊन वही बघा आणि काय जमलं नाही ते विचारा, पण त्यावरून हप्ता अडवणार नाही हे आधी सांगा, नाहीतर खरं कोण सांगेल?

गेल्या वर्षी एका गटाने कपाट मागितलं, वह्या उंदीर खातात म्हणून. आमच्यातले दोघं म्हणाले कपाटात कसला इम्पॅक्ट, पण दिलं. आता कपाट एकीच्या घरी असतं आणि किल्ली दुसरीच्या.