गूगलवर सापडत नाही? शब्द बदलताना या चुका टाळा

मनासारखा निकाल आला नाही की बरेच जण तेच वाक्य लांबवत नेतात. आधी 'सोयाबीन पिवळे पडले', मग 'सोयाबीन पिवळे पडले काय फवारावे सांगा'. वाढवलेल्या शब्दांत नवं काहीच नसतं, म्हणून निकालही जवळपास तेच येतात.

त्याहून महागात पडते ती चूक म्हणजे स्वतःचा अंदाजच शोधात टाकणं. 'यलो मोझॅक' म्हणजे पानं पिवळी करणारा विषाणूचा रोग. 'यलो मोझॅक औषध' लिहिलं की सगळं मोझॅकचंच येणार. तुमच्या रानात मोझॅकच आहे का, हे त्यातून कळत नाही. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनंही सोयाबीन पिवळं पडतं, आणि मोझॅक पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवरची फवारणी तिथं वाया जाते. आधी पान हातात घ्या. हिरवे-पिवळे चट्टे मिसळलेत, की शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या? दिसतं तेच लिहा: 'सोयाबीन कोवळी पाने पिवळी शिरा हिरव्या'. निकालांत 'लोह कमतरता' हा शब्द भेटला की तो उचला आणि पुढचा शोध 'सोयाबीन लोह कमतरता परभणी कृषी विद्यापीठ' असा करा. खरं कसब इथंच आहे. त्यानंतर मात्र एका वेळी एकच शब्द बदला, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं.

सरकारी कागद शोधताना बोलण्यातला शब्द दगा देतो. आपण 'कर्जमाफी' म्हणतो. 2019 च्या योजनेच्या नावात मात्र 'कर्जमुक्ती' आहे. दोन्ही शब्दांनी वेगवेगळं शोधा.

जिल्ह्यांच्या नावांचंही तसंच. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावं 2023 मध्ये अधिकृत झाली. त्याआधीचे आदेश, याद्या, जाहिराती हव्या असतील तर 'उस्मानाबाद', 'औरंगाबाद' लिहूनही बघा. नुसत्या नव्या नावानं जुना कागद हुकू शकतो.

अवतरणचिन्हांत अख्खं वाक्य घालू नका. तस्संच वाक्य कुठं नसेल तर हाती काही लागत नाही. योजनेचं नाव किंवा दोन-तीन शब्द पुरेत. नको असलेला शब्द वगळायला त्याच्या आधी वजाचं चिन्ह द्या. चिन्हाआधी जागा सोडायची, चिन्ह आणि शब्दाच्या मध्ये नाही. बाजारभाव बघताना आकड्याआधी तारीख वाचा. आणि बोलून शोधत असाल तर चौकटीत काय उमटलंय ते एकदा बघा. 'तूर'चं 'दूर' झालेलं असू शकतं.