गर्भपिशवीचा तुकडा तपासायला पाठवताय? या चुका टाळा

रिपोर्टात घोळ झाला की सगळे सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या डॉक्टरांकडे बघतात. माझ्या मते निम्मा घोळ बाटलीत आणि फॉर्मवरच झालेला असतो.

कणकवलीहून करूळ घाट चढून नमुना कोल्हापूरला जायचा, तर क्युरेटिंगचे (क्युरेट या अवजाराने खरवडून काढलेल्या अस्तराचे) तुकडे सलाइनमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात तर ते वाटेतच कुजायला लागतात. थेट 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) टाका: दाट फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग, आणि द्रव नमुन्याच्या किमान दहापट. अख्खी पिशवी असेल तर बरणी रुंद तोंडाचीच हवी. मऊ असताना ती अरुंद बाटलीत कोंबली जाते, पण कडक झाल्यावर बाहेर काढायला बाटली फोडावी लागते! शिवाय जाड स्नायूतून फॉर्मॅलिन आत झिरपायला वेळ लागतो, तोवर नेमकं बघायचं ते अस्तर खराब होतं. लॅबला विचारून पिशवी चिरून उघडा. क्षयाची शंका असेल तर थोडा तुकडा मात्र वेगळा, सलाइनमध्ये; फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) कसलं करणार?

फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख हवीच. 28 दिवसांच्या चक्रात सतराव्या दिवसाच्या आसपास अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींत केंद्रकाखाली पोकळ्यांची ओळ दिसते. हे चित्र चक्राशी जुळतं का, ते तारखेशिवाय कसं सांगणार? गोळ्यांचंही तसंच. गणपतीत पाळी पुढे ढकलायला गोळ्या घेतलेल्या असतात. बाई आपणहून सांगत नाही, आपण विचारत नाही. अशा अस्तरात ग्रंथी बारीक, सुकलेल्या आणि भोवतालची ऊती गरोदरपणासारखी फुगलेली दिसते.

स्लाइड बघताना घाई नडते. क्युरेटने ओरबाडलेल्या ग्रंथी एकमेकींत घुसतात, चुरगळून जवळ येतात, आणि नवखा लगेच ‘हायपरप्लेसिया’ (अस्तराची जादा वाढ) लिहितो. तुकडा सलग आहे तिथेच गर्दी मोजा, दोन ग्रंथींमधली ऊती बघा. पाळीच्या रक्तस्रावात गोळा झालेल्या गडद पेशी पाहून कर्करोगाची शंका घेण्याआधीही तारीख बघा.

स्लाइड बनवण्याआधी लॅबमध्ये तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात आणि मग तो झायलीन या द्रावकात टाकतात. पावसाळ्यात हे अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेतं. झायलीन दुधाळ झालं की समजा, तुकड्यात पाणी राहिलंय, अल्कोहोल बदला.

आणि पाळी गेलेल्या बाईला पुन्हा अंगावरून जात असेल, त्यात रिपोर्ट ‘नमुना अपुरा’ आला, तर ‘काही निघालं नाही’ म्हणून तिला घरी पाठवू नका. सोनोग्राफीत अस्तर जाड असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो.