बुरशीने जड धातू काढताय? मग या चुका टाळा

सांडपाण्यातले जड धातू बुरशीने काढण्याच्या प्रयोगांत ‘बुरशी शिसं खाते’ असलं वाक्य अहवालात दिसलं की पुढचं पान उलटावंसंच वाटत नाही. डिझेलचे रेणू बुरशीला मोडता येतात, पण धातू हे मूलद्रव्य, ते कोण मोडणार? ते बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या कायटिनसारख्या (कवचातल्या कडक पदार्थासारख्या) घटकांना चिकटतं किंवा पेशीत साठतं. म्हणून वापरलेली बुरशी खतात टाकू नका. धिंगरी (खायची अळंबी) वापरली असेल तर ती भाजीत जाता कामा नये.

माझा खरा राग क्रोमियमच्या मोजणीवर. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यावर काम करणारी पोरं एकदा पेढे घेऊन आली: ॲस्परजिलस नायजर या बुरशीने ९९ टक्के क्रोमियम काढलं! पिवळं पाणी रंगहीन झालेलं, क्रोमियम तपासायचं डायफिनाइलकार्बाझाइड टाकूनही जांभळी छटा नाही. मी विचारलं, ‘एकूण क्रोमियम किती?’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ही चाचणी फक्त षटसंयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, दाखवते. आम्लात बुरशी त्याचं त्रिसंयुजी करते. ते बरंच कमी विषारी, पण बहुतेक पाण्यातच राहतं. तोच नमुना एएएसवर (एकूण धातू मोजणाऱ्या यंत्रावर) लावला, तर क्रोमियम बरंचसं जागेवर! पेढे खाल्ले, अहवाल परत दिला. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला षटसंयुजीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि एकूण क्रोमियमची २. दोन्ही मोजा.

दुसरी लबाडी पीएचची, म्हणजे पाण्याच्या आम्लतेच्या मापाची. तांबं विरघळलेल्या पाण्यात कॉस्टिक सोडा घालून पीएच ८ वर नेला की हायड्रॉक्साइडचा निळसर साका आपोआप तळाशी बसतो आणि श्रेय लाटते बुरशी. म्हणून तुलनेसाठी मी बुरशी न घातलेला फ्लास्क आधी लावतो, मग बाकीचे. शिसं, तांबं, कॅडमियमला पीएच ५ च्या आसपास ठेवा. क्रोमेटला (षटसंयुजी क्रोमियमच्या पाण्यातल्या रूपाला) मात्र २ च्या जवळ, कारण तो ऋणभारित असतो.

बुरशी धुतल्याशिवाय वापरू नका. ती वाढवलेल्या माध्यमातलं फॉस्फेटच शिसं खाली बसवतं आणि श्रेय पुन्हा बुरशीला जातं.

बुरशी जिवंतच हवी हा हट्टही सोडा. मेलेल्या रायझोपस ॲरायझस या बुरशीने युरेनियम धरून ठेवल्याचं १९८० च्या दशकातच दिसलं होतं. मी ६० अंशांवर वाळवून, कुटून, चाळून घेतो. घाईत ओव्हन वाढवणारे काळा कोळसा घेऊन येतात.

आणि ॲस्परजिलस नायजर प्रदूषित जमिनीवर सरळ ओतणाऱ्यांनो, ही बुरशी ऑक्झॅलिक आणि सायट्रिक आम्लं सोडते. त्यांनी मातीत घट्ट बसलेले धातूही सुटतात आणि पावसाबरोबर खाली झिरपतात. जवळ विहीर असेल तर हा प्रयोग करूच नका.