परदेशात लढून मेलेला आयरिश शिपाई घरबसल्या कसा शोधायचा

माझी सगळी नोकरी बीडच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणी (जमिनीच्या पाहणीच्या नोंदी) आणि निजामकाळचे मुंतखब (इनामाचे दाखले) हाताळण्यात गेली. लेक आयर्लंडमध्ये कॉर्कला नर्स आहे. तिच्या शेजारच्या आजींच्या आईचा भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला आणि पहिल्या महायुद्धात मेला, एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं. त्याचे कागद मी बीडमधून काढले. आपली बरीच मुलं तिकडं आहेत, कुणाला उपयोग होईल म्हणून पद्धत लिहितो.

आधी विचारा, तो भरती कुठं झाला? ब्रिटिश सैन्यात गेला असेल तर आशा थोडी धरा. सप्टेंबर 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडले, त्यात शिपायांच्या निम्म्याहून जास्त फायली जळाल्या. ऑस्ट्रेलियात भरती झालेल्यांच्या मात्र शाबूत आहेत. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘बी 2455’ या मालिकेत त्या स्कॅन करून ठेवल्यात, बघायला पैसे पडत नाहीत.

पण फायलीआधी त्याचं घर पक्कं करा. आयर्लंडची 1901 आणि 1911 ची जनगणना आयरिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहे. कुटुंबागणिक एक तक्ता: नाव, वय, धर्म, धंदा, लिहिता-वाचता येतं का. पोरगा 1901 ला आहे आणि 1911 ला नाही, तर तो मधल्या काळात घराबाहेर पडला असण्याची शक्यता धरा. वयावर विसंबू नका. 1908 च्या कायद्यानं सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन लागू झालं आणि पुढच्या जनगणनेत म्हातारी माणसं दहाऐवजी बारा-पंधरा वर्षांनी वाढलेली दिसतात. आपल्याकडं गुरुजींनी लावलेल्या 1 जूनच्या जन्मतारखेसारखंच ते. आई-बापाचं नाव, गाव आणि भावंडांचा क्रम जुळवा. आडनाव ‘ओ’ लावून आणि न लावून, दोन्ही प्रकारे शोधा. ओ'सलिव्हनचा नुसता सलिव्हन झालेला असतो.

आता फाईल. एकाच नावाची बरीच माणसं निघतील. भरतीच्या अर्जावर ‘जवळचा नातेवाईक’ असा रकाना आहे, तो आधी वाचा. तिथं आईचं नाव आणि जनगणनेतलंच गाव असेल तर माणूस आपला. मग उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरची खूण बघा. आजींनी डोळ्यांचाच रंग पहिल्यांदा विचारला. फोटो घरात नव्हता. ‘बी 103’ नावाच्या तक्त्यात त्याची पलटण, दवाखाना, जखम हे सगळं तारीखवार मिळतं. ‘के.आय.ए.’ म्हणजे लढताना मेला, ‘डी.ओ.डब्ल्यू.’ म्हणजे जखमांनी मेला. शेवटी कधीकधी घरी पाठवलेल्या सामानाची यादी असते. तीही उतरवून घ्या, घरच्यांना ती हवी असते.

आधी बेपत्ता म्हणून नोंद असेल तर कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडं रेडक्रॉसच्या चौकशीच्या फायली बघाच. सोबतच्या शिपायांनी दिलेले जबाब आहेत त्यात: कुठं पडला, कुणी पाहिला, पुरला की नाही. फार स्पष्ट लिहिलेलं असतं आणि दोन जबाब एकमेकांशी जुळतीलच असं नाही. घरच्यांना न विचारता हे पाठवू नका. आधी सांगा की असा कागद आहे, वाचायचा का?

कबर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत सापडते. फ्रान्समध्ये मेला आणि कबर नसेल, तर विलेर-ब्रेतोनो इथल्या स्मारकावर नाव शोधा. असे दहा हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन तिथं कोरलेत. 19 जुलै 1916 च्या रात्री फ्रान्समधल्या फ्रोमेलच्या लढाईत पडला असेल तर आणखी एक दार उघडं आहे. तिथं 2009 मध्ये सामूहिक खड्ड्यांतून 250 शिपाई काढले आणि नातेवाइकांच्या डीएनएवरून पुष्कळांना नावं परत मिळाली. आईकडून मुलीकडं चालत आलेली वंशरेषा यात उपयोगी पडते, म्हणून शिपायाच्या बहिणीच्या मुली आणि त्या मुलींच्या मुली कुठं आहेत ते विचारून ठेवा. त्या म्हाताऱ्या झाल्या असतील तर हे काम पहिलं करा.