सोलापुरात एडलवाइस: आधी ओळखा, मग बियांपासून लावा

उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा ट्रेक करून आलेली मंडळी पांढऱ्या लोकरी फुलाचा फोटो दाखवतात आणि म्हणतात हे एडलवाइस, आता गच्चीत लावायचंय. लावता येतं की, पण आधी ते एडलवाइसच आहे का ते बघा, कारण तिथं ॲनाफॅलिस नावाचं दुसरं पांढरं रोपटं पण भरपूर उगवतं आणि दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली, त्यामुळं लांबून फसायला होतं.

फोटो झूम करा. एडलवाइसला मधे पिवळसर छोट्या गोल गोंड्यांचा गुच्छ असतो, खरी फुलं तीच, आणि त्याच्या खाली चांदणीसारखे पसरलेले जे पांढरे हात दिसतात त्या पाकळ्या नाहीत, पानं आहेत, वरून जाड लोकर चढलेली. ॲनाफॅलिसमधे अशी चांदणी नसते, प्रत्येक गोंड्याभोवती बारीक, कोरडी, कागदी पांढरी पापुद्री असते. एवढा एक फरक बघितला तरी पुरतो. रोप वीतभर उंचीचं, पानं राखाडी चंदेरी. ही लोकर उगाच नाही, उंचावरचं अतिनील ऊन आणि कोरडा वारा दोन्हीपासून ती वाचवते. आल्प्समधे साधारण १८०० ते ३००० मीटरवर हे सापडतं, ऑस्ट्रियानं तर २ सेंटच्या नाण्यावर छापलंय, हिमालयात त्याच्या वेगळ्या जाती आहेत.

आता बी. ट्रेकला गेलात तर तिथून काही खुडून आणायचं नाही, नॅशनल पार्क आहे, कायद्यानं बंदी आहे. बी विकतच घ्या, आल्पाइन एडलवाइसचं, शास्त्रीय नाव लिओन्टोपोडियम अल्पिनम, हल्ली लिओन्टोपोडियम निवाले असं पण लिहितात. ऑनलाइन निळ्या, जांभळ्या एडलवाइसच्या बिया दिसल्या की सरळ पुढं जा, तसलं काही नसतं. खरं बी जेमतेम एक मिलिमीटरचं, तपकिरी, टोकाला बारीक केसांचा झुबका. पाकिटातून मोहरीएवढे टपोरे दाणे निघाले तर ते दुसरंच काहीतरी आहे.

माती हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते आणि या रोपाची मुळं ओली राहिली की कुजलीच समजा. धुतलेली जाड वाळू एक भाग, बारीक खडी किंवा चाळलेला मुरूम एक भाग आणि जुनं कुजलेलं कंपोस्ट एक भाग, तेही चाळून. कोकोपीट शक्यतो टाळा. एडलवाइस मूळचं चुनखडीच्या डोंगरातलं, त्यामुळं आपल्याकडच्या जड पाण्याचं त्याला वावडं नाही, फक्त बोअरचं पाणी चवीला खारट असेल तर ते वापरू नका. मिश्रणावर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या, म्हणजे बुरशी कमी होते.

दसऱ्याच्या सुमाराला पसरट प्लास्टिकच्या डब्याला खाली भोकं पाडून मिश्रण भरा आणि ओलं करून घ्या. बी इतकं बारीक की चिमटीत नीट येत नाही, तेव्हा साध्या पांढऱ्या रांगोळीत थोडं मिसळून शिंपडा, कुठं पडलं ते पण दिसतं. वरून माती टाकायची नाही! याला उगवायला उजेड लागतो, बोटानं हलकं दाबलं की झालं. मग डबा पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे, फ्रीझरमधे नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी मातीचा डबा बघून फेकून देतंय.

नोव्हेंबरच्या मध्याला बाहेर काढा आणि सकाळचं कोवळं ऊन येईल अशा खिडकीत ठेवा. पंधरा ते वीस अंशात दोन-तीन आठवड्यात कोंब दिसायला लागतात, सगळे एकदम येत नाहीत. पाणी वरून न देता डबा ताटलीतल्या पाण्यात ठेवा, वरचा थर ओला दिसला की काढा. पहिली दोन पानं साधी हिरवी असतात, घाबरू नका, पुढच्या पानांवर लव यायला लागते, आणि चार-सहा पानांनंतरही रोप गुळगुळीत हिरवंच राहिलं तर ते तण आहे.

जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत रात्री चांगल्या गार असतात, तेव्हा एकेक रोप मातीच्या छोट्या कुंडीत हलवा आणि बुंध्याभोवती बारीक खडीचा थर द्या. खत जवळजवळ नकोच, जास्त खतानं पानं हिरवी, लुसलुशीत होतात आणि लोकर विरळ पडते. ऊन कमी पडलं तरी तेच होतं.

फूल बहुधा दुसऱ्या वर्षी येतं, आणि खरी अडचण तिथंच आहे. लोकांना वाटतं सोलापूरचं ऊन मारतं, पण त्यापेक्षा जास्त मारते ती उकाड्याची रात्र. दिवसा बनवलेलं अन्न रोप गरम रात्री श्वसनातच संपवून टाकतं, वाढीला काही उरत नाही. म्हणून मार्चपासून कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा, दुपारी पूर्ण सावली द्या, घरात रात्री एसी चालतच असेल तर तिथं आत घ्या. पावसाळ्यात पत्र्याखाली, हवा खेळती राहील अशा जागी. एवढं करूनही मे महिना निघेलच असं नाही, त्यामुळं सगळं बी एकाच हंगामात पेरू नका, निम्मं हवाबंद डबीत घालून फ्रिजमधेच राहू द्या.