लैंगिक आजारांच्या समुपदेशनात नवीन आहात? आधी तारीख विचारायला शिका

या कामात नव्याने येणारे बहुतेक जण आजारांची, जंतूंची आणि औषधांची नावं तोंडपाठ करून येतात. ती यायलाच हवीत. पण समोर माणूस बसला की सगळ्यात आधी कामाला येतो तो एक साधा प्रश्न: "असुरक्षित संबंध शेवटचा कधी आला होता?" परवा, तीन आठवड्यांपूर्वी की मागच्या वर्षी, यावर पुढचं सगळं ठरतं. कुठली तपासणी करायची, आज की नंतर, औषध लगेच द्यायचं का, कुणाकुणाला बोलवायचं. नव्या सहकाऱ्यांना मी सुरुवातीला एवढंच करायला लावते: कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढा, उजव्या टोकाला आजची तारीख टाका आणि त्या माणसाशी बोलत बोलत मागे जा. संबंध कधी, त्रास कधी सुरू झाला, मधे कुठली गोळी घेतली, आधीची तपासणी कधीची. तारीख नक्की आठवत नसेल तर सणवार, परीक्षा, पगाराचा दिवस असं काहीतरी धरून लोक बरोबर पोचतात.

रेघेवर घटना अगदी जवळची निघाली तर हातातलं सगळं बाजूला ठेवा. एचआयव्हीचा धोका झाला असेल आणि ७२ तास उलटले नसतील, तर संसर्ग रोखणारी औषधं सुरू करता येतात. ती २८ दिवस घ्यायची असतात आणि पहिली गोळी जितक्या लवकर पोटात जाईल तितकं चांगलं. अशा वेळी नाव, वय, शिक्षण, व्यवसाय असा फॉर्म वरपासून भरत बसू नका. आधी डॉक्टरांकडे न्या, फॉर्म पळून जात नाही.

तपासणीत मात्र उलट, घाई नडते. एक तरुण संबंधानंतर चौथ्याच दिवशी सगळ्या तपासण्या करून आला होता. सगळं निगेटिव्ह. रिपोर्ट टेबलावर ठेवताना सुटल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. रिपोर्ट खोटा नव्हता, पण ज्या रात्रीची त्याला धास्ती होती तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मधे काही काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. एचआयव्हीसाठी प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) साधारण ४५ दिवसांनी भरवशाची होते, बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवस धरतात. सिफिलिसलाही ९० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. क्लॅमिडिया आणि गोनोरियाच्या जनुकीय चाचणीला दोन आठवडे पुरतात. हे त्याला समजावलं तेव्हा तो थोडा चिडलाच. चिडू द्यावं. "पुन्हा या" असं मोघम बोलून सोडलं तर माणूस येत नाही. पुढची तारीख लिहून द्या आणि तोवर कंडोम का वापरायचा तेही सांगा.

आता लक्षणांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १५ ते ४९ या वयात चार बऱ्या होणाऱ्या आजारांचे मिळून ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले: ट्रायकोमोनिआसिस १५ कोटी ६० लाख, क्लॅमिडिया १२ कोटी ९० लाख, गोनोरिया ८ कोटी २० लाख, सिफिलिस ७१ लाख. यातल्या फार मोठ्या संख्येने लोकांना काहीच त्रास होत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना कळतही नाही, आणि तो तसाच राहिला तर गर्भनलिकांना सूज येऊन पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. म्हणूनच भिंतीवर सडलेल्या अवयवांचे फोटो लावायची जी पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही. फोटो बघून माणूस मनात म्हणतो, आपलं तर असं काही नाही, आणि उठून जातो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: अंगावरून पांढरं जाणं म्हणजे लैंगिक आजारच असं नाही. बुरशीमुळे किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्यामुळेही ते होतं. बाईला उगाच संशयाच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

सिफिलिस नीट समजून घेतलात तर या विषयाची निम्मी गुंतागुंत कळते. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) जंतू शिरला त्या जागी एक व्रण येतो. तो दुखत नाही, ही खरी गोची. योनीच्या आत, गुदद्वारात किंवा तोंडात असला तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत काही न करता भरून येतो आणि ज्याने मधल्या काळात कुठलं तरी मलम लावलं असेल तो त्या मलमाचे गोडवे गातो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, तळहात आणि तळपायांवरसुद्धा. तेही आपोआप जातं. मग कित्येक वर्षं शांतता, आणि जंतू आतच. उपचार न झालेल्यांपैकी काहींच्या हृदयाला, मेंदूला वर्षांनंतर इजा होते. गरोदरपणात तर तो बाळापर्यंत पोचतो, म्हणून गर्भवतीची तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. सुरुवातीच्या टप्प्यात उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, १९४० च्या दशकापासून पेनिसिलिनच कामी येत आहे. इंजेक्शननंतर २४ तासांत ताप, अंगदुखी होऊ शकते. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पेशंट घाबरून दुसरीकडे जातो आणि "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" असा शिक्का आयुष्यभर घेऊन फिरतो. रिपोर्ट वाचायलाही शिका: आरपीआर या सिफिलिसच्या रक्तचाचणीत (नमुना किती पट पातळ केला तरी ती पॉझिटिव्ह येते ते आकडा सांगतो) १:३२ वरून १:८ वर येणं म्हणजे चौपट घट, औषध लागू पडलं. दुसऱ्या प्रकारची, त्या जंतूचीच खास चाचणी मात्र बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. ती बघून जुन्या पेशंटला पुन्हा आजारी ठरवू नका.

इतकं तारीख तारीख केलं, तरी एका प्रश्नापुढे तारीख हात टेकते: "हे आणलं कुणी?" क्लॅमिडियाचा रिपोर्ट हातात घेऊन एक बाई विचारत होत्या, "म्हणजे यांचं बाहेर काहीतरी आहे, हो ना मॅडम?" नवरा शेजारी, मान खाली. रिपोर्ट जंतू आहे एवढंच सांगतो, तो कधी आला हे सांगत नाही. क्लॅमिडिया महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो. नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद असलेला हर्पिस मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि आजच्या नात्यात पहिल्यांदा वर येतो. त्यामुळे "हो" म्हणू नका, "नाही" असंही छातीठोकपणे म्हणू नका. "हे या कागदावरून कळत नाही, पण उपचार दोघांना लागतील" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. न्यायाधीश व्हायची हौस असेल तर हे काम सोडा.

दोघांना म्हणजे खरंच दोघांना. एकाने औषध घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर जंतू परत येतो. क्लॅमिडिया आणि गोनोरियात साधारण मागच्या ६० दिवसांतले जोडीदार बोलवायचे असतात, आणि उपचारानंतर सात दिवस संबंध टाळायचा. जोडीदाराला सांगायचं कसं, हा प्रश्न पेशंटला औषधापेक्षा जड जातो. वाक्य तुमच्यासमोर एकदा बोलून बघायला सांगा. बरेच जण पहिल्यांदा अडखळतात, दुसऱ्यांदा वाक्य जमतं.

विचारताना शब्द सरळ ठेवा. "जोडीदार पुरुष, स्त्री की दोन्ही? संबंध योनीतून, तोंडाने, गुदद्वारातून?" हे प्रत्येकाला त्याच स्वरात विचारा, लग्न झालेल्यालाही. कारण नमुना कुठून घ्यायचा ते यावर ठरतं. गोनोरिया घशात असेल तर लघवीच्या तपासणीत सापडणार नाही. आणि लघवीची जनुकीय तपासणी असेल तर आधी निदान एक तास लघवीला गेलेलं नको, आणि पहिली धार बाटलीत हवी. इतर तपासण्यांच्या सवयीने लोक मधली धार आणून देतात आणि नमुना वाया जातो.

कंडोमबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, असं ते म्हणतात. मॉडेलवर चढवून दाखवायला सांगा. पाकीट दाताने फाडतात, टोकाची हवा काढत नाहीत, मुदत बघत नाहीत, एकावर एक दोन घालतात. लेटेक्सला तेल किंवा व्हॅसलिन लावलं की ते कमकुवत होतं, पाण्यावर आधारलेलं वंगणच वापरायचं. आणि प्रामाणिकपणे सांगा की हर्पिस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू), सिफिलिस हे कंडोमने न झाकलेल्या त्वचेतूनही पसरतात. धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. संडासाची सीट, एकत्र जेवण, मिठी, डास यांनी मात्र एचआयव्ही होत नाही. हे अजूनही रोज सांगावं लागतं.

एचपीव्हीची लस लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतली तर सर्वांत उपयोगी. मुलींसाठी ९ ते १४ हे वय म्हणूनच निवडलं आहे. त्या विषाणूचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगापैकी सुमारे ७० टक्क्यांना कारणीभूत आहेत. आधीच संबंध आले असतील तरी लस वाया जात नाही, फक्त फायदा कमी होतो.

आता तुमचं स्वतःचं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो आणि सुई टोचण्यातून सहज जातो. रुजू होण्याआधी लसीचा पहिला डोस घ्या, मग एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली की नाही बघून घ्या, आणि तो कागद जपून ठेवा. सुई टोचली तर तुम्हाला पहिल्यांदा तोच मागतील.